ठसका

त्या संध्याकाळी मी ठसकले आणि भाग्यश्रीनं मान खाली घातली नाही. एवढंच झालं. भांडं पडलं नाही, कोणी कोणाला बोललं नाही, वीजसुद्धा गेली नाही. पण माझ्या छातीत जे सुरू झालं ते मळणीयंत्रासारखं, बंद करायचा खटका कुठं आहे तेच सापडेना. भाग्यश्री ही माझी धाकटी सून. माझ्या बाबूची बायको. बाबू येडशीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला त्याला तिसरं वर्ष लागलं. लेकरूबाळ नाही. ती आमच्यातच राहिली, म्हणजे मी ठेवली, आणि ठेवली ती लेकीसारखी. कळंबात कोणालाही विचारा.

ठसक्याचं सांगते. टीव्हीवर तसली जाहिरात लागली की मी ठसकते. खरा ठसका नव्हे, कायद्याचा. तो कायदा मीच केला आणि घरात कोणी मोडला नाही. मी ठसकले की थोरला आण्णासाहेब मोबाइलमध्ये तोंड घालतो. धान्याची एवढी आडत सांभाळणारा मोठा माणूस, पण आईच्या ठसक्याला शाळेतल्या पोरासारखा घाबरतो. मोठी सून गॅस बंद केला का बघायला उठते, गॅस पेटवलेलाच नसला तरी. भाग्यश्री मान खाली घालून हातातलं काम दुप्पट वेगानं करते. आणि मालक, म्हणजे आमचे हे, कानानं अधू, ते सगळ्यांचे चेहरे बघून मोठ्यानं विचारतात, "काय इकालेत?" म्हणजे, काय विकतायत. त्यांना कोणी उत्तर देत नाही. जाहिरात संपते, मालिका सुरू होते, सगळ्यांच्या माना वर येतात. घर असं चालतं. मधे एकदा माझं ठसकणं फार वाढलं, कारण जाहिरातीच वाढल्या, तर आण्णासाहेबानं दवाखान्यातून कडू औषधाची बाटली आणली. मी ती सगळी प्यायले. खरं काय ते सांगितलं असतं तर कायदा राहिला नसता.

त्या दिवशीची जाहिरात गादीची होती. तसं बघितलं तर तिच्यात काहीच नव्हतं. पांढरी चादर, चादरीच्या बाहेर चार पाय. दोन बाप्याचे, दोन बाईचे. बाईच्या पायात जोडवी. मागं बासरी. मग बाईचा एक पाय हळूच सरकतो आणि बाप्याच्या पायावर जाऊन बसतो, चिमणी बसावी तसा. मग एक हात येतो आणि दिवा मालवतो. अंधारात गादीचं नाव. झालं. मी वेळेवर ठसकले. आण्णासाहेबानं मोबाइल उचलला, मोठी उठली, मालकांनी विचारलं काय इकालेत. भाग्यश्री खाली बसून मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं ते पाहतच राहिली. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. मला पाण्याची सवय आहे, मी ते पुसलं असतं. तहान लागलेलं माणूस रांजणाकडं बघतं तसं ती बघत होती. आणि खाली, मेथीच्या काड्यांच्या आड, तिचा उजवा पाय डाव्या पायावर सरकला. तिच्या पायाच्या बोटांना, जोडवी होती तिथं, अजून फिक्कट कडं दिसतं. ऊन लागून सगळा पाय सावळा झाला, तेवढी जागा मात्र तशीच राहिली. मला ते बघायचं नव्हतं. मी पुन्हा ठसकले, ह्या वेळी खरं, घशात काहीतरी अडकून. तर ती पोर भानावर येऊन लगालगा उठली आणि पाणी घेऊन आली. "आत्या, पाणी घ्या. किती ठसका हो तुम्हाला." मी पाणी प्यायले आणि तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. कायदा तिनं मोडला, आणि मान खाली माझी गेली.

जेवताना भाकरी उतरेना. मोठी म्हणाली, "भाजी खारट झाली का आत्या?" मी म्हणाले, "भाजी बरी हाय, तुझं लक्ष कुठं हाय ते बघ." कोणावर तरी राग काढायचा म्हणून गादीवाल्यावर काढला. चांगला कापूस दाखव की मेल्या, कापूस! आमच्या मराठवाड्यात कापसाला काय तोटा आहे? सरकी काढलेला, पिंजलेला, ढगासारखा कापूस दाखव, मी स्वतः उठून दुकानात येईन. तुला पाय कशाला लागतात? आणि एकटा गादीवालाच असता तर सोडून दिलं असतं. दाढीचं पातं विकायचं तर बाई. गंजिफ्रॉक विकायचा तर बाई. सिमेंट विकायचं तर बाईला ओली करतात. सिमेंटाला पाणी लागतं हे मला ठाऊक आहे, दोन मजले बांधून घेतलेत मी. पण ते बाईच्या अंगावरून ओतावं लागतं हे गवंड्यानं कधी सांगितलं नाही. आण्णासाहेब म्हणतो, "आई, बटण हातात हाय की. चॅनल बदलायचं." मी म्हणाले, "बटण हातात कुठं, तुझ्या बुडाखाली असतंय. ते काढूस्तवर त्यांचं लगीन लागून बारसं होतंय." सगळे हसले. भाग्यश्रीपण हसली. तिचं हसू घरभर जातं, आणि त्या हसण्यावरच माझा जीव अडकला आहे, हे मी कोणाला सांगत नाही. मोठी सून गुणाची आहे, पण तिच्याशी भांडायला गेलं की ती रडते. भाग्यश्री परत बोलते. ती गेली तर मी भांडू कोणाशी?

जायचं निघालंच होतं. तिचा भाऊ बेंबळीला असतो, शेती करतो. त्यानं दिवाळीत येऊन माझ्या समोर बसून सांगितलं, अणदूरला एक माणूस आहे, शाळेत क्लार्क, बायको वारली, मूल नाही, निर्व्यसनी. एकदा दोघांची बेंबळीत गाठही घालून दिली. मी भाग्यश्रीला विचारलं. ती म्हणाली, "आत्या म्हणतील तसं." मी दिवाळीला म्हणाले संक्रांत होऊ द्या. संक्रांतीला म्हणाले पाडवा होऊ द्या. दोन्ही वेळा तिला समोर उभं करून विचारलं आणि दोन्ही वेळा तेच, आत्या म्हणतील तसं. मला ते ऐकायला फार गोड लागायचं. मनात म्हणायची, बघा, माझ्या शब्दाबाहेर नाही. पण त्या गादीच्या जाहिरातीनंतर तेच शब्द कानात दुसऱ्याच आवाजात वाजायला लागले. तिचं तोंड एक सांगतंय, आणि मेथीच्या काड्यांखाली पाय एक सांगतोय. मग मी काय करावं? सोपं होतं ते केलं. ठरवलं, ही जाहिरातच बंद झाली पाहिजे. ती जाहिरात नव्हती तोवर पोर बरी होती.

आणि देवानंच पाठवल्यासारखे दुसऱ्या दिवशी विष्णुपंत गुरुजी दारात. माझ्या दोन्ही पोरांना यांनीच शिकवलं, आता निवृत्त आहेत आणि गावाला शिकवतात. हातात कागद. म्हणाले, "दगडाबाई, निवेदन देतोय. दूरचित्रवाणीवरील अश्लील व उत्तान जाहिरातींवर संपूर्ण बंदी. रविवारी सभा आहे. तुम्ही बोलायचं."

मी म्हणाले, "अश्लील कळलं. उत्तान म्हंजी काय वो गुरुजी?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. "उत्तान म्हणजे... मूळ अर्थ पाहिला तर... पाठीवर निजलेलं."

"मग पाळण्यातलं लेकरूबी उत्तानच की. त्याच्यावरबी बंदी?"

चहा घेऊन येणारी भाग्यश्री दारातच फिस्सकन हसली आणि कपबशीत चहा सांडला. गुरुजींचे कान लाल. पण माणूस चिवट. म्हणाले, "बाई, थट्टा राहू द्या. मी बोललो तर लोक जांभया देतात. तुम्ही बोललात तर कळंब ऐकेल." हे खरंच होतं, म्हणून मी उगाच लाजले नाही. मी म्हणाले, "माईक असंल का?" ते म्हणाले, "असेल." तेव्हापासून रविवारपर्यंत मला जमिनीवर पाय ठरेना. मी तिसरी शिकलेली, नाव दगडाबाई, आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ठेवलेलं. आणि माझ्यासाठी माईक. आंघोळ करताना भाषण, ज्वारी पाखडताना भाषण. सुपातले खडे फेकताना म्हणायची, हा सिमेंटवाला, हा पातंवाला, हा गादीवाला. गादीवाल्याचा खडा कुठं सापडेचना. मोठी म्हणाली, "आत्या, नुसत्याच का हसालात?" मी कुठं हसत होते? अंगात वीस वर्षांची कोणीतरी शिरली होती, आणि तिला कशाचा आनंद झालाय ते मला सांगत नव्हती.

वीस कशाची, सोळाची. लग्न होऊन पहिलंच वर्ष. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला गेलो होतो, अख्खं घर, दोन बैलगाड्या. यात्रेत तंबूतला सिनेमा होता. मधोमध दोरी बांधलेली, इकडं बाया, तिकडं बाप्ये. सासूबाई माझ्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला ती दोरी. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही, पडद्यावर एक रडका माणूस सारखा घोड्यावर बसत होता. आमच्या घरात तेव्हा इतकी माणसं की नवऱ्याचा चेहरा मी दिवसा धड पाहिलेला नव्हता. आवाजावरून ओळखायची. आणि अंधारात दोरीखालून एक पाय आला. धुळीनं खरखरीत, तळव्याला भेगा. माझ्या पायावर टेकला आणि थांबला. दाबलं नाही, काही नाही, नुसता टेकला. मला कळलं कोणाचा आहे. इतका आनंद झाला की तो तोंडातून बाहेर येणार असं वाटलं, आणि बाहेर आलाच, ठसका होऊन. सासूबाई म्हणाल्या, "तिखट खाल्लं का गं?" मी म्हणाले, "व्हय." पाय मी काढून घेतला नाही. त्यांनीही काढला नाही. आज ते सोप्यावर कानाला हात लावून विचारतात, काय इकालेत. हे मला ज्वारी पाखडताना आठवलं आणि सूप हातातून सुटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ठसका म्हणजे नको म्हणायची रीत. पहिल्यांदा तर मी व्हय म्हणताना ठसकले होते. आणि दुसरी गोष्ट मनात आली ती आणखी वाईट. दोरी नसती तर तो पाय आला असता का? ज्यानं दोरी बांधली त्यानं काय अडवलं, आणि काय शिकवलं?

ह्यावर मी मनात लगेच उत्तर दिलं, कारण उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणाले, ते आमचं आमच्यात होतं. ते कोणी विकत नव्हतं. आणि आम्ही काय सोवळ्यातल्या बाया होतो असं कोणी समजू नये. हळदीच्या दिवशी विहिणीवर जी गाणी म्हणतात त्यांच्यात माझा हात धरणारी ह्या तालुक्यात नाही. त्यातली एक ओळ इथं लिहायला घेतली होती, पण खोडली. वाचणाऱ्याच्या घरीही सुना असतील. ऐकून बाया गडागडा लोळतात. गादीवाल्याला ती गाणी ऐकवली तर तो दुकान बंद करून तीर्थाला जाईल. पण त्याला एक दार होतं. बाप्ये बाहेर मांडवात, लेकरं झोपवलेली, दाराला आतून कडी, आणि मग. वर्षातून चार वेळा, हळदीच्या दिवशी, दाराच्या आत. दुसऱ्या दिवशी त्याच बाया डोक्यावर पदर घेऊन सासऱ्याला पाणी देतात. तसलं असू नये असं कोण म्हणतंय? त्याला दार असावं. टीव्हीला दार नाही. सासरा, सून, नातू, आजी एका ओळीत बसवून तो तुमच्या तोंडावर चादर ओढतो. हे मला इतकं पटलं, इतकं पटलं, की भाषण तयार झालं असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. बंदी नाही म्हणायची, दार म्हणायचं.

रविवारी मार्केट यार्डाजवळच्या मंगल कार्यालयात सभा. मी नारायणपेठ नेसले. भाग्यश्रीनं निऱ्या बसवून दिल्या, माझ्या पायाशी बसून, तोंडात पिना धरून. "आत्या, आज माईक जळतोय बघा," म्हणाली. माझ्यासोबत तीच आली. बाया बऱ्याच जमल्या होत्या, बाप्ये भिंतीला टेकून. गुरुजींनी सुरुवात केली आणि लोकांनी जांभया दिल्या. मग चारुशीला म्हणून एक वकीलबाई बोलल्या. तरण्या आहेत, पण बोलणं नेमकं. म्हणाल्या, सरसकट बंदी मागू नका. उद्या त्याच बंदीत पाळीच्या कपड्याची, कुटुंबनियोजनाची जाहिरातही जाईल, आणि ती पोरींना कळायला हवी. नियम आत्ताही आहेत, पण तक्रार केल्याशिवाय त्यांच्याकडं कोणी बघत नाही. वेळ ठरवून मागा, रात्री अकरानंतर दाखवा म्हणा. मला बरं वाटलं. मी मनात म्हणाले, हेच माझं दार. तेवढ्यात मागून भाजीवाल्या मालनबाई उठल्या. त्यांचा आवाज बाजारात कमावलेला, माईक लागत नाही.

"ओ वकीलबाई, आमची खोली एकच. अकरानंतर तर आमी सगळे एकमेकाला चिकटूनच असताव. दिवसा तरी पोरं खेळायला जातेत. तुमच्या घरात खोल्या हाईत म्हनून तुमच्या घरात येळ हाय."

हशा झाला, टाळ्या झाल्या. चारुशीलाबाईही हसल्या, आणि त्यांनी ते लिहून घेतलं; मला ती बाई तिथंच आवडली. पण माझ्या भाषणाच्या दाराची चौकट हलली. खोली असली तर दार. आणि त्याच वेळी गुरुजींनी माझं नाव पुकारलं.

माईक थंड होता, आणि त्याला आधी बोललेल्यांच्या तोंडाचा वास होता. समोर एवढी तोंडं. मी सुरू केलं. सिमेंटचं सांगितलं, लोक हसले. पात्याचं सांगितलं, आणखी हसले. बाईचं अंग दाखवून बाप्याचा खिसा कापायचा हा धंदा, ह्याला वेसण घाला, म्हणाले, आणि बायांनी अशा टाळ्या दिल्या की अंगावर काटा आला. मग म्हणाले, हळदीची गाणी मीबी म्हणते, पण दार लावून म्हणते. आणि हे म्हणताना डोळ्यांसमोर ते दार आलं. माघातच माझ्या भाच्याची हळद झाली. खोलीत सगळ्या बाया, मी मधे. भाग्यश्री खोलीत नव्हती. ती मागच्या पत्र्याखाली शेगडीवर चहा करत होती, कारण हळदीत तिचं काय काम? असं कोणी म्हणालं नव्हतं. म्हणावं लागत नाही, ती आपणहून उठून जाते. मी गाण्यातली एक ओळ विसरले होते. सगळ्या बाया थांबल्या होत्या. आणि पत्र्यापलीकडून, शेगडीच्या आवाजातून, कोणीतरी ती ओळ पुरी केली. मला वाटलं होतं भाच्याची मावशी असेल. आता माईकसमोर उभी राहून मला तो आवाज ओळखू आला. कडी आम्ही लावली होती, आणि कोण कडीच्या बाहेर तेही आम्हीच ठरवलं होतं. तिच्या वाट्याला राहिलं काय, तर गादीची जाहिरात. ती तेवढी तिला उठ म्हणत नाही.

मी गप्प झाले. कळंबनं मला गप्प झालेलं कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी कुजबुजले, "निवेदन, दगडाबाई. कोणती जाहिरात, ते सांगा. नाव घालावं लागेल." मी म्हणाले, "गादीची." मालनबाई ओरडल्या, "त्यात काय असतंय वो?" मी म्हणाले, "पाय." "कसले पाय?" "एका बाईचा पाय एका बाप्याच्या पायावर जातो." "मग?" "मग दिवा मालवितेत." मालनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अन् गुन्हा कोन्ता झाला त्यात?"

अशी हसली सभा! भिंतीचे बाप्येसुद्धा. दुसरं कोणी असतं तर मी त्याला तिथंच सोलून काढलं असतं. पण मी भाग्यश्रीकडं पाहिलं. चौथ्या-पाचव्या ओळीत बसली होती, आणि ती हसत नव्हती. ती माझ्याकडं सरळ बघत होती. तिला कळलं होतं. मी तिचा पाय पाहिला हे तिला त्या दिवशीच कळलं होतं, आणि आता मी चारचौघांत काय सांगते ह्याची ती वाट बघत होती. भीती होती चेहऱ्यावर, पण मान वर होती. मी माईक धरला आणि म्हणाले, "गुन्हा न्हाय. मालनबाईंचं बरोबर हाय. गादीवाल्याचं नाव खोडा गुरुजी. सिमेंटवाल्याचं, पातंवाल्याचं घाला, बाईला वस्तू करतेत त्यांचं घाला, आणि वकीलबाई सांगतेत तशी तक्रार करा, म्या पैली सही करते. पर सगळ्यावर बंदी म्हनून म्या सही देनार न्हाय. तसलं सगळंच वाईट असतं तर तुमी-आमी कुठून आलो असतो?" टाळ्या पडल्या की नाही ते मला आठवत नाही. गुरुजी पाठ फिरवून कागदावर काहीतरी खोडत होते एवढं दिसलं.

आम्ही दोघी चालत निघालो. मी रिक्षा नको म्हणाले, अंगात इतकं वारं भरलं होतं की रिक्षात मावलं नसतं. बाजार रस्त्याला लागल्यावर मीच म्हणाले, "बेंबळीला फोन लाव. भावाला म्हणावं, अणदूरच्या त्या मानसाला घेऊन ये. पाडवा-बिडवा काय न्हाय आता. हाच आठवडा." आणि मी थांबले. ती रडेल, पाया पडेल, म्हणेल, आत्या, तुम्ही आईच्या जागी. मी त्यासाठी तोंडसुद्धा तयार केलं होतं, थोडं कडक, थोडं मऊ.

ती म्हणाली, "नको आत्या."

"काय नको?"

"तो मानूस नको."

"अगं मग इचारलं तवा प्रत्येक बारीला आत्या म्हणतील तसं, आत्या म्हणतील तसं. आता आत्या म्हणाल्याली हाय!"

"तुमी न्हायच म्हणनार हे मला ठाव होतं," ती म्हणाली, "म्हनून बिनघोर होते. माझं ‘न्हाय’ माझ्या वतीनं तुमीच म्हणत होताव."

मी रस्त्यात उभी. ह्या पोरीनं माझ्या हट्टाची छत्री करून डोक्यावर धरली होती, आणि मी समजत होते मी हिला अडवून ठेवलंय. राग आला, आणि रागाच्या पोटात इतकं हसू आलं की कोणतं आधी बाहेर काढावं कळेना. "मंजी तुला लगीनच करायचं न्हाय?"

"करायचंय!" ती इतक्या मोठ्यानं बोलली की सायकलच्या दुकानातल्या माणसानं पंक्चर काढता काढता वर पाहिलं. मग आवाज खाली आणून, पण न थांबता म्हणाली, "करायचंय आत्या. पर तो न्हाय. गाठ घातली तवा भावाकडं बघून मला इचारत होता, सैपाक येतो का. एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाय. मी काय तसबीर हाय?"

"मग कसा पायजे?"

ती गळ्यापासून कानापर्यंत लाल झाली. आजवर तिला हे कोणी विचारलं नव्हतं; पहिल्या लग्नात तिच्या बापानं आमची आडत विचारली होती आणि आम्ही तिचा रंग. "सांगू?" ती म्हणाली. "हितंच?"

"हितंच. घरी सगळे असतेत."

रविवार म्हणून भांड्याचं दुकान बंद होतं. त्याच्या पायरीवर मी नारायणपेठसकट बसले, गुडघे कुरकुरले तरी बसले. तिनं इकडं तिकडं पाहिलं, ओढणी खांद्यावर नीट ओढली आणि माझ्या शेजारी बसून सांगायला लागली. पहिलंच वाक्य असं होतं की मला, हळदीत बाया लोळवणाऱ्या दगडाबाईला, कानावर पदर ओढावासा वाटला. मी ओढला नाही. ऊस भरलेला ट्रक समोरून चालला होता, त्यानं तिचा अर्धा शब्द खाल्ला.

"मोठ्यानं बोल," मी म्हणाले. "मला काय पन ऐकू येईना."